भंडारा उचलल्यानंतर

८ जानेवारी १९९५, बारामती

वाडीला जाऊन आले. धाकटा भाऊ ओट्यावर उन्हात आडवा, एका पायात चप्पल, दुसरी ट्रॅक्टरच्या पायरीवर अडकलेली. ट्रॉली उसाने भरलेली, तशीच दारात. कारखान्यावर नंबर लागायचा होता, त्याऐवजी बापू घरी येऊन पडला. ऊस वाळतोय, मालक बोंबलतोय.

शालन, त्याची बायको, भांडी घासता घासता म्हणाली, "वन्सं, हाक मारली तर शिव्या. न्हाय मारली तर 'मला मेला समजलीस व्हय' म्हणून शिव्या. म्या आता मधलंच काय तरी करती. खोकती." आणि हसली. मीही हसले. परत येताना एस.टी.त त्या हसण्याची लाज वाटली.

११ जाने.

अकरावीला तर्कशास्त्रात कारण आणि कार्य सुरू केलं. एकामागोमाग दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिली दुसरीचं कारण ठरत नाही, वगैरे. मांजर आडवं गेलं आणि एस.टी. चुकली. मुलं दर वर्षी तिथेच हसतात.

घरी येताना डोक्यात बापू. का पितो? लहानपणीच शाळा सोडून आबांबरोबर, आमच्या वडिलांबरोबर, मेंढरांमागे गेला. मी बारामतीत आत्याकडे राहून शाळेत. मग कालव्याचं पाणी आलं, सगळीकडे ऊस झाला, चराई उरली नाही. आबांनी कळप विकला त्या दिवशी बापू जेवला नव्हता. मग ट्रॅक्टर. कारखान्याच्या आवारात नंबराची वाट बघत पडून राहायचं, करायला काही नाही, शेजारच्या ट्रॉलीखाली बाटली उघडलेलीच.

यातलं खरं कोणतं? मेंढरांचं कारण मला आवडतं. त्यात दुःख आहे, आमच्या घराला शोभणारं. पण त्याच्याबरोबरच्या कितीतरी पोरांचे कळप गेले, ते पीत नाहीत. आवडतं म्हणून एखादं कारण खरं मानायचं, हे वर्गात मी चालवून घेत नाही.

१५ जाने., वाडी

शालनच्या कपाळाला टेंगूळ. "दार लागलं" म्हणाली. बापू खाली मान घालून भाकरी कुस्करत होता. थोरली पोर उठून दुसऱ्या खोलीत गेली.

आईला म्हटलं, त्याला बिरोबाचा भंडारा उचलायला लाव. बाकी सगळं करून झालं. रडून झालं, हाणून झालं, मुंबईहून मागवलेली गोळी चहातून देऊन झाली. भंडाऱ्याला तो भितो. आमच्यात भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द कोणी मोडत नाही. जमिनीच्या वादात कोर्टात खोटं बोललेली माणसं देवळात येऊन खरं सांगतात.

आई म्हणाली, "देवाला मधी घालती हाईस. तू तर देव मानत न्हाईस."

"तो मानतो ना."

आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून अंगावर आहे. ज्याच्यावर आपला विश्वास नाही त्याचा धाक दुसऱ्याला दाखवायचा, याला काय म्हणावं? तरी दुसरं सुचत नाही. रविवारचं ठरलं.

२२ जाने., वाडी

झालं. सकाळी अंघोळ करून, आबांचं धोतर नेसून बापू देवळात आला. धोतर त्याला मोठं होतं. पुजारी तात्यांनी ओंजळीत भंडारा दिला. हात असे कापत होते की हळद बोटांतून सांडून पायांवर पिवळा ढीग झाला. तात्या म्हणाले, "सांडू दे. जेवढा ऱ्हाईल तेवढा धर आन् बोल." बापू बोलला, "आजपासनं थेंब न्हाय. बिरोबाची आन." आवाज आबांसारखा आला. शालनने तोंडाला पदर लावला.

बाहेर हमीदभाई जीपला टेकून उभे. ते बारामती-इंदापूर वडाप करतात, जीपमधून प्रवासी नेतात; बापूचे शाळेतले सोबती. म्हणाले, "बापू, आता च्या तरी पीत जा. न्हायतर गुत्तेवाल्यासंगं च्यावाला बी तुझ्या नावानं रडंल." बापू हसला. किती दिवसांनी!

२३ जाने.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "उत्तम. आता महिनाभर तिकडे जाऊ नकोस, त्याला लाज वाटेल." बरोबर वाटलं. हलकं वाटतंय. पेपर तपासायला घेतले.

त्याचे हात. थंडी होती सकाळी.

२६ जाने., इंदापूर, दवाखाना

काल दुपारी मैदानावर आजच्या संचलनाची तालीम चालू असताना हमीदभाई कॉलेजात आले. "मॅडम, पाशिंजरं फाट्यावर उतरवून आलोय. बापूच्या अंगात आलंय म्हणत्यात सगळी. मला तसं वाटंना. आमच्यात अंगात येत न्हाय, तवा मला कळत बी नसंल. पर तुमी चला."

दारात चपलांचा ढीग. आत उदाचा धूर. बापू भिंतीला टेकून बसलेला, घामाने निथळत, कपाळभर भंडारा. हात, ओठ, पापण्या, सगळं थरथरत होतं. नजर जमिनीवरून पळत होती. "हुर्र, हुर्र... ती काळी कुठं चालली? वळीव तिला. आरं पाय काढा, पिल्लू हाय तितं." घरभर मेंढरं दिसत होती त्याला. बसलेल्या बायकांचे पदर उचलून खाली बघत होता. बायका हात जोडून सरकत होत्या.

आई समोर बसलेली. डोळ्यांतून धारा, पण चेहरा इतका उजळलेला आबा गेल्यापासून पाहिला नव्हता. आबांच्या अंगात बिरोबा यायचा. यात्रेत ढोल वाजले की ते भाकणूक सांगत, पाऊस कसा, पीक कसं, रोगराई कुठल्या अंगाने. त्यांच्यामागे ती जागा रिकामीच राहिली होती. लेकाने भंडारा उचलला आणि तिसऱ्या दिवशी देव आला. यापेक्षा सरळ हिशोब कोणता?

लोक प्रश्न विचारत होते. एक बाई म्हणाली, "देवा, माझ्या लेकीची कूस कवा उजवंल?" बापू म्हणाला, "चार गेली, तीनच दिसत्यात." ती बोटं मोजायला लागली. तात्यांनी उलगडून सांगितलं, "तीन वर्सं गेली, चवथ्याला हुईल म्हणतोय." बाईने त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्याने तिच्या अंबाड्यावरून हात फिरवला, लोकर चाचपतात तसा.

मी कपाळाला हात लावला. तापलेला तवा. नाडी मोजवेना इतकी जलद. म्हटलं, याला डॉक्टरकडे नेते. तात्या शांतपणे म्हणाले, "देव अंगात असताना झाडाला हलवायचं नसतं, बाई." ज्याच्या अंगात येतं त्याला आमच्यात झाड म्हणतात. आई मात्र भडकली. "तुझ्याच शब्दावर भंडारा उचलला, देव पावला, आन् आता तूच सुया टोचायला निघालीस व्हय?"

मला तरी काय माहीत होतं? मलाही वाटलं, भीतीने झालं असेल. शपथेच्या धाकाने. मी त्याच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, "बापू, मेंढरं फाट्याकडं गेली. उसात शिरत्याल."

तो ताडकन उठला. "कुत्री?"

"ती पण तिकडंच."

हात धरून बाहेर आले. लोकांनी वाट दिली. कोणी तरी माझ्याही डोक्यावर भंडारा टाकला. मागून ऐकलं, "भनीला बी देवाची बोली कळती." चाळीस पोरांना तर्कशास्त्र शिकवणारी मी.

जीपमध्ये शालनने आणि मी त्याला दोन्हीकडून धरलं. इंदापूरच्या अलीकडे आकडी आली. दात आवळले, पाठ धनुष्यासारखी. शालनने तिच्या हाताची बोटं त्याच्या दातांत घातली. हमीदभाई एका हाताने हॉर्न दाबून धरत तोंडाने कलमा म्हणत होते.

डॉक्टर तरुण आहेत. इंजेक्शनं, सलाईन, हातपाय बांधले. मग मला बाहेर बोलावून विचारलं, "रोज किती घ्यायचा? आणि बंद कधी केली?"

मी सांगितलं.

"एकदम?"

"एकदम."

"कोणी सांगितलं एकदम बंद करायला?"

आत्ता तो झोपलाय. बाहेर कुठे तरी झेंडावंदनाचा बँड.

२८ जाने., इंदापूर

डॉ. पुन्हा बोलले. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारूवर चालायला शिकलेलं असतं. ती अचानक काढली की मेंदू भडकतो. कंप, घाम, ताप, नाही ते दिसणं, आकडी. काही जण जातात. "पुन्हा सुरू केली आणि पुन्हा अशीच तोडली, तर पुढची वेळ याहून वाईट. सोडायची तर आधी माझ्याकडे आणा, मग सोडा. आणेपर्यंत थोडी थोडी चालू राहू द्या."

दारू सोडताना माणूस मरू शकतो, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. शपथ कुठल्या वारी, कोणासमोर, कुठल्या धोतरात, सगळा विचार केला. शरीराचं कोणाला विचारायला हवं, हे मनातच आलं नाही.

शालनच्या बोटांना पट्टी. म्हणते, "भाकरी थापता येईना, तेवढीच सुट्टी."

२ फेब्रु.

बापूला घरी सोडलं. फाट्यावर ढोल घेऊन माणसं उभी होती. एका म्हाताऱ्याने रस्त्यातच लोटांगण घातलं. बापू गांगरून माझ्याकडे बघायला लागला.

घरी जरा एकांत मिळाल्यावर विचारलं त्याने, "आक्का, काय झालतं ग मला? मला कायबी याद न्हाय. मेंढरं हुती एवढंच. ह्ये म्हणत्यात देव आलता. आलता का?"

मी तोंड उघडलं. शालन दारात होती. तिने पट्टीची बोटं वर केली, नाही म्हणून हलवली. त्याच्या पाठीमागून.

मी म्हटलं, "बरा झालास ना. आता आराम कर."

हे खोटं नाही. खरंही नाही.

१९ फेब्रु.

वाडीला. ओळखू येईना. दाढी केलेली, पांढरा सदरा, डोक्याला फेटा. अंगणात शेण सारवलेलं. दोन माणसं लोणी भापकरहून आली होती, एकाच्या बैलाला काही झालेलं. बापूने भंडारा लावला, "गुरांच्या डाक्टरला बी दावा" म्हणाला. मला बरं वाटलं.

पोरी त्याच्या मांडीला टेकून अभ्यास करत होत्या. या घरात हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं.

शालनला गोठ्यात गाठलं. म्हटलं, त्याला खरं सांगायला हवं. तो देव नव्हता, दारू सुटताना होतं तसं झालं होतं.

"मला म्हायती हाय."

"तुला कोणी सांगितलं?"

"वन्सं, माझी बोटं त्याच्या दातात हुती तवा. देव काय बायकोच्या हाताला चावतो व्हय?" मग दावं सोडून माझ्याकडे वळली. "सांगू नका. पाया पडायला मानसं येत्यात तवर त्यो पीत न्हाय. लोकं चपला काढून आत येत्यात, त्याला बापूराव म्हणत्यात. आजवर त्याला आरं-कारंशिवाय हाक मारली का कुणी? तुमचं खरं तुमच्यापाशी ठिवा. मला ह्या खोट्यात झोप लागती."

तिची झोप माझ्या खरेपणाहून स्वस्त आहे असं कोण म्हणेल?

३ मार्च

ह्यांना विचारलं. "सुटली ना? मग कशाला खाजवतेस?" इतकं साधं.

तरी टोचतं. आदर त्याला ज्या गोष्टीसाठी मिळतोय ती घडलीच नव्हती. हे त्याला माहीत नाही, मला आहे. आणि दुसरं, आईला डॉक्टरांचं बोलणं सांगायला गेले तर तिने हात जोडून "देवाच्या निंदेत मला घालू नको" म्हटलं. उद्या पुन्हा काही झालं तर ते डॉक्टरकडे नेणार नाहीत. उदबत्ती लावून बसतील.

सांगावं. यात्रा होऊ दे, मग सांगेन.

यात्रेपर्यंत का? कारण यात्रा जवळ आली आहे. हे कारण नाही, सबब आहे. पण लिहून ठेवते.

२४ मार्च

हमीदभाई कॉलेजसमोर भेटले. "मॅडम, बापूराव मोठा मानूस झाला. काल जीपमधी पाशिंजरांनी त्याला फुडची शीट दिली, पैसं बी तीच भरायला लागली. म्या म्हणलं, आरं तुला शाळंत गणितात देव आला असता तर माझी बी कापी झाली असती." मग हसू पुसून, "पर यात्रंचं टेन्शन घेतलंय त्यानं. मला म्हणतो, हमीद, ढोल वाजल्यावर न्हायच आला तर?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हणणार? माझ्या अंगात फक्त डिझेलचा वास येतो."

१६ एप्रिल

काल चैत्री पुनवेची यात्रा. देवळासमोर माणूस मावत नव्हता. गजी ढोलाचा ठेका, भंडाऱ्याने आभाळ पिवळं. बापूला मधोमध बसवलं, खांद्यावर आबांची घोंगडी.

ढोल वाजले. तो डोळे मिटून बसला. पुन्हा वाजले. पोरांनी तळहात फुटेस्तोवर वाजवले. बापूच्या कपाळाची शीर उठली. एकदा त्याने हात थरथरवल्यासारखे केले, लोक ओरडले, "आला! आला!" त्याने डोळे उघडले, हाताकडे बघितलं आणि हात खाली ठेवले. खोटं करता आलं नाही त्याला. करायला बघितलं आणि जमलं नाही, असंही असेल. पण माझ्या डोळ्यांसमोर त्याने हात मुद्दाम खाली ठेवले.

गर्दीतून आवाज आला, "प्याला आसंल गुपचूप. भंडारा मोडला की देव शिवत न्हाय."

त्याने एक थेंब घेतलेला नव्हता. जानेवारीपासून नाही. आणि त्याच्यावर पिण्याचा आळ. तात्यांनी सावरून घेतलं, "देवाची मर्जी. अमावस्येला पुन्यांदा बसू." बापू गर्दीतून घरी गेला तेव्हा वाट द्यायला कोणी हललं नाही.

मी मागे गेले नाही. शेवटची एस.टी. होती.

होती, पण फाट्यावर हमीदभाईंची जीपही होती.

१८ एप्रिल

आज वाडीला जायचं ठरवलं होतं. पर्यवेक्षणाची पाळी. उद्या.

२१ एप्रिल

शालनचा फोन, फाट्यावरच्या बूथवरून. मागे ट्रक जात होते. "वन्सं, प्यायला लागला. लपून न्हाय. माझ्याम्होरं, आईंम्होरं, सकाळधरनं. भांडत न्हाय, मारत न्हाय. अवशीद प्यावं तसं पितोय. आन् आई कायबी बोलंनात! त्यास्नी इचारलं तर म्हणत्यात, त्याचं त्याला कळतंय."

काय कळतंय? विचारलं तर पैसे संपले, फोन तुटला.

पीत असेल तर दुःखाने, अपमानाने. पण आई गप्प का?

२६ एप्रिल, वाडी

परीक्षा संपल्या. सकाळच्या गाडीने आले. कारण कळलं. जसं सांगितलं तसंच लिहून ठेवते.

बापू ओसरीत, समोर रिकामा ग्लास पालथा. डोळे लाल, पण बोलणं साफ. मला बघून हसला. "बस आक्का. भिऊ नको, ही शेवटची झाली सकाळी. आता बंद."

"बंद म्हणजे?"

"आजधरनं थेंब न्हाय. परवा-तेरवा अमुशा हाय न्हवं?" मग माझ्याकडे सरकून, लहानपणी गुपित सांगायचा तसं, "मला उमगलं. तवा काय झालतं? म्या रोज पीत हुतो. भंडारा उचलला, सोडली. तिसऱ्या दिशी देव आला. यात्रंला का न्हाय आला? सोडायला काय हुतंच न्हाय. ज्याच्यापाशी कायच न्हाय त्यानं सोडलं म्हणून देवाला काय त्याचं? सोडल्यावर आला ना? मग आधी धरायला लागंल. धरली. आज सोडली."

आई दारात उभी होती. मान डोलावली.

मी वीस वर्षं कारण आणि कार्य शिकवतेय. त्याच्या तर्कात मला चूक सापडेना. दोन वेळा ताडून बघितलं त्याने. सोडली तेव्हा आला, सोडण्यासारखं नव्हतं तेव्हा नाही आला. कारण त्याने बरोबर ओळखलं आहे. फक्त जे आलं होतं त्याचं नाव त्याला कोणी सांगितलं नाही. ते मला माहीत होतं. जानेवारीपासून.

म्हटलं, "आणि भंडारा? मोडलास ना?"

"त्याच्यासाटीच मोडला. त्याला कळतं."

मग सांगितलं. सगळं. डॉक्टर जे बोलले ते, दारूवर शिकलेलं शरीर, भडकलेला मेंदू, आकडी, शालनची बोटं. पुन्हा तशीच तोडली तर जीव जाईल. देव नव्हता, बापू. दारू जाताना तशी जाते.

आई म्हणाली, "गप." मी थांबले नाही. शालन आतून बाहेर आली आणि पहिल्यांदाच तिने मला अडवलं नाही. पट्टी नाही आता, बोटांवर दातांचे वण आहेत. तिने हात पुढे करून त्याला दाखवला. "ही तुमची. देवाची न्हवं."

बापूने वण बघितले. एकावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मग ती मानसं पाया का पडली?"

शालनने हात मागे घेतला.

"तू कवा सांगणार हुतीस?"

मी म्हटलं, यात्रा झाल्यावर. त्याने मान हलवली, जणू पटलं. ते शिवीपेक्षा वाईट होतं.

२६ एप्रिल, दुपार

धावत फाट्यावर जाऊन डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, आजच आणा, दाखल करू, आणि आणेपर्यंत पूर्ण बंद ठेवू नका. थोडी थोडी द्या. हात कापायला लागले असतील तर वेळ घालवू नका.

हात कापायला लागलेत. सकाळनंतर काही नाही.

हमीदभाईंची जीप वालचंदनगरला लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेलीय. निरोप पाठवलाय, वऱ्हाड उतरवून इकडेच येतील. एस.टी.त त्याला असा नेता येणार नाही.

शालनने कडब्याच्या गंजीतून बाटली काढून आणली. तिनेच लपवली होती, त्याच्यापासून. आता त्याच्यासाठी आणली. ग्लासात थोडीशी ओतून माझ्या हातात दिली. "तुमी द्या. माझ्या हातानं म्या आजवर दिली न्हाय, आज बी व्हायाची न्हाय." आई उठून देवळात गेली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी ग्लास त्याच्यापुढे केला. "घे. जीप येईपर्यंत. थोडीच. मग डॉक्टर सोडवतील, नीट."

तो भिंतीला टेकून बसलाय. कपाळावर घाम. ग्लासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "आक्का, तूच सोड म्हणालीस. तूच पी म्हणतीस. कुठल्या आक्काचं ऐकू?"

"आत्ताच्या."

"आन् उद्याची काय म्हणंल?"

मी त्याला आजवर जे जे सांगितलं ते अर्धं होतं. आज पूर्ण सांगितलं तर त्याला ते कालच्या अर्ध्यासारखंच वाटतंय. यात त्याची काय चूक?

"बापू, तुझ्या पाया पडते." खरंच पडले. त्याने पाय ओढून घेतले.

"नको ग. आता नको कुणी पडू."

हे लिहीत बसलेय कारण दुसरं काही करता येत नाही. पोरींना शालनने शेजारी पाठवलंय. ती उंबऱ्यात बसून रस्त्याकडे कान लावून आहे. एक ट्रक गेला. जीप नाही. ग्लास आम्हा दोघांच्या मध्ये जमिनीवर आहे. त्याचे हात मांडीवर, एकात एक घट्ट धरलेले, तरी हलताहेत. ज्या माणसाने आयुष्यात समोरचा ग्लास कधी तसा ठेवला नाही तो त्याच्याकडे बघतोय आणि हात लावत नाही.